जरीपटक्याचा डॉक

माझा लॅपटॉप म्हातारा आहे हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या कोणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका चकचकीत दुकानातल्या मुलानं तो हातात घेतला, भाजीवाल्याकडे पपई बघतात तसा वरखाली केला आणि म्हणाला, "काका, हा तर संग्रहालयात द्या." मी विचारलं, "मलाही तिथंच देणार का?" तो म्हणाला, "नाही काका, तुम्हाला नवीन मॉडेल दाखवतो." मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि तिथून निघालो.

हा लॅपटॉप मूळचा हिंगण्याच्या एका कापड कारखान्याचा. मी तिथं नक्षी विभागात होतो. साडीचे काठ नि पदर संगणकावर चौकटी-चौकटीनं भरायचे आणि त्यावरून मागासाठी छिद्रं पाडलेले पुठ्ठे तयार करायचे, हे माझं काम. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांना भिंतीवरची घड्याळं मिळाली आणि मला हा मिळाला, कारण दुसऱ्या कोणाला तो नकोच होता. त्यात नक्षीचा जुना प्रोग्रॅम आहे. तो चालायला एक बोटाएवढी किल्ली यूएसबीच्या भोकात खुपसून ठेवावी लागते. ज्यांनी तो बनवला त्यांनी कधीच दुकान गुंडाळलं, त्यामुळे तो दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चढत नाही. लॅपटॉपची अवस्था अशी की यूएसबीचं एकच भोक जिवंत. त्यात किल्ली घातली की माउसला जागा नाही. बाहेरचा मोठा पडदा जोडायचं भोक तर बायकोनं झाडताना वायरीसकट ओढलं, ते तेव्हापासून निकामी आहे. बायकोचं म्हणणं, ते आधीपासूनच सैल होतं.

तरी मला तोच हवा होता, आणि त्याला कारण होतं. लेकीचं लग्न ठरलं होतं. ती पुण्याला नोकरी करते. फोनवर तिनं जाहीर करून टाकलं, "लग्नात मी आजोबांच्या काठाची साडी नेसणार. दुसरी कुठलीच नाही."

आम्ही मूळचे उमरेडकडचे विणकर. माझे वडील हातमागावर एक काठ विणायचे. एक पान, दोन थेंब, मग तेच पान पाठ फिरवलेलं. तो काठ त्यांनी स्वतः बसवला होता आणि आमच्या घरात त्याला नुसतं 'आपला काठ' म्हणत. गंमत अशी की त्या काठाची एकही साडी आमच्या घरात नव्हती. मागावरून उतरली की साडी व्यापाऱ्याकडे जायची. कागदावर काढलेली नक्षी होती, ती वाळवीनं खाल्ली. पुढे माग गेला, पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यावर फरशी बसली आणि काठ फक्त बाबांच्या डोक्यात राहिला.

"कागद कायले पायजे?" बाबा म्हणाले. "माह्या डोक्यात हाय नं सारं. मले फक्त दिसलं पायजे."

अडचण तिथंच होती. बाबांच्या डोळ्यांच्या आतला पडदा खराब होत चालला आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोठं, ठळक आहे ते सध्या दिसेल, बारीक दिसणार नाही आणि पुढे ठळकही कमी होत जाईल. म्हणजे काठ उतरवून घ्यायचा तर आत्ताच. शिवाय उमरेडचा जो विणकर साडी विणून देणार होता, त्याच्याकडे पुठ्ठ्यांना छिद्रं पाडायचं यंत्र होतं तेही आमच्याच बंद पडलेल्या कारखान्यातलं. त्याला फक्त माझ्या जुन्या प्रोग्रॅमची भाषा कळत होती. तो विणकर म्हणाला, "जेठ सरायच्या आत नक्षी द्या भाऊ. नाही तर मी दुसऱ्याचा ताणा चढवतो. मग दिवाळीपर्यंत माग मोकळा नाही."

मी बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनी नाक पडद्याला टेकवलं, मग मान मागे नेली, मग तिरकी केली. नक्षीतली एकेक चौकट मोहरीच्या दाण्याएवढी. "हे काय मुंग्या दाखवून राहिला मले?" ते म्हणाले. चौकटी मोठ्या केल्या तर पडद्यावर एकच पान मावायचं आणि पुढचं पान आलं की मागचं कुठे गेलं म्हणून ते शोधत बसायचे. मोठा पडदा हवा होता. तो घरात होता, दिवाणखान्यात भिंतीवर, टीव्ही म्हणून. लॅपटॉपला तो जोडायचा कुठून, एवढाच प्रश्न होता.

उत्तर लॅपटॉपच्या पोटाखाली सापडलं. तिथं एक लांबट झाकण होतं, इतक्या वर्षांत मी ते कधी उघडलं नव्हतं. आत दातांची एक ओळ. जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपना ही सोय असायची. टेबलावर एक डॉक ठेवायचा, त्यावर लॅपटॉप बसवून दाबायचा, खट्ट आवाज झाला की डॉकच्या मागची सगळी भोकं लॅपटॉपची होतात. पडदा लावा, माउस लावा, किल्ली लावा. मला इतका आनंद झाला की मी बायकोला बोलावून तिला लॅपटॉपचं पोट दाखवलं. ती म्हणाली, "कोथिंबीर आणायला सांगितली होती."

डॉक नवा मिळत नाही हे कळायला माझे पाच-सहा फोन गेले. शेवटी जरीपटक्याला जुन्या संगणकांचं सामान विकणाऱ्या एका दुकानाचा पत्ता लागला. मी दुकानदाराला फोनवर मॉडेल सांगू लागलो तर त्यानं मला मध्येच थांबवलं. "भाईसाब, असं नाही होत. मशीन घेऊन या. बिना देखे रिश्ता नाही करत मी."

मी निघालो तर बाबा चप्पल घालून तयार. "मी येतो. जोड बसली का नाही, ते कानानं समजते." स्कूटरवर मागे बाबा, त्यांच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. जरीपटक्याच्या बाजारातल्या त्या गर्दीत दोन ओळखीच्यांनी थांबवून विचारलं, "कोणाचं बाळ?" बाबांनी दुसऱ्याला टॉवेल उघडून दाखवलासुद्धा.

दुकानदारानं एक पोतं जमिनीवर पालथं केलं. त्यातून डॉकच डॉक पडले. काळे, करडे, एकाला च्युइंगगम चिकटलेलं. बाबा स्टुलावर बसले आणि एकेक डॉक मांडीवर घेऊन त्यावर लॅपटॉप दाबून बघू लागले. दाबायचा, कान लावायचा, मान हलवायची. मागावर आडवा धागा नेणारा धोटा नवा घेताना ते असंच करायचे. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघत उभी राहिली. शेवटी एका डॉकवर खट्ट असा सुंदर आवाज झाला आणि बाबांचा चेहरा उजळला. "हाच. आवाज पाह्य कसा आला."

दुकानदारानं वीज जोडली. तो डॉक पूर्ण मेलेला होता. दुकानदारानं पोत्यातून एक ओरखडलेला, कुबड्यासारखा डॉक उचलला. त्यावर लॅपटॉप बसताना आवाज आला तो पायाखाली कुरमुरे सापडल्यासारखा. पण हिरवा दिवा लागला. बाबांनी तो नाराजीनं मान्य केला. घरी येईस्तोवर ते स्कूटरवर मागून म्हणत होते, "चालते ते ठीक हाय, पण जोड बराबर नाही."

टीव्हीखालच्या टेबलावर डॉक बसला. टीव्हीच्या मागे एक जुनं निळ्या पिनेचं भोक होतं, ते प्रथमच उपयोगी पडलं. आणि भिंतभर चौकटी उमटल्या. बाबा खुर्चीत ताठ बसले. मग बोट पुढे करून म्हणाले, "ते तिथं काळं कर." त्यांना दिसत होतं. बायको मागे उभी होती म्हणून मी नुसता खाकरलो.

आता माझ्या आईकडे यावं लागेल. दुपारी आईची मालिका असते. त्या मालिकेतली एक सासू महिनाभर विष घातलेला पेला हातात घेऊन उभी होती आणि आता ती तो कोणाला देते हे बघायचं तर टीव्ही आमच्या ताब्यात. आई रिमोट हातात घेऊन दाराशी पाटावर बसून राहिली. बोलली काही नाही. तिचं ते न बोलणं कूलरपेक्षा मोठ्यानं ऐकू येत होतं. बाबा सांगत होते, मी चौकटी काळ्या करत होतो. एक पान झालं, दोन थेंब झाले, दुसरं पान सुरू झालं.

"चुकलं," आई म्हणाली.

"तू गप वं," बाबा म्हणाले. "हे तुही मालिका नाही."

"थेंबानंतर एक धागा सोडा लागते जी. तुमी सोडलाच नाही."

"काठ कोणी बसवला? म्या का तू?"

"बसवला तुमी. धागे कोण उचलत होतं समोर बसून? तुमचा बाप?"

हे मला ठाऊकच होतं, पण विसरलो होतो. नवा काठ मागावर चढवताना आई समोर बसायची, धागे वेगळे करून द्यायची आणि मोठ्यानं सांगत राहायची. लहानपणी आम्ही त्या आवाजावर झोपायचो. बाबांनी धागा सोडायला साफ नकार दिला. मी धागा सोडून पाहिला तेव्हा पान आपोआप डौलात वळलं. बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "मी तेच सांगून राहिलो होतो."

त्या दिवसापासून दुपारी भांडणांचा कार्यक्रम सुरू झाला. बाबा खुर्चीतून, आई दाराशी पाटावरून, मधे मी माउस घेऊन. एक म्हणे तीन वर, दुसरी म्हणे दोन. बायकोनं आपल्या मालिकेचा नाद सोडून दिला. ती म्हणाली, इथं जास्त रंगतं. काठ अर्ध्यापर्यंत आला आणि मला वाटू लागलं की आता आपण जिंकलो.

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरचा मे कसा असतो ते नागपूरकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून पटत नाही. लॅपटॉपचा पंखा विमान निघाल्यासारखा घोंघावत होता. मी म्हटलं थोडा वेळ पडतो. आई स्वयंपाकघरात होती. बाबा डॉकजवळ बसून राहिले.

मी उठलो तेव्हा पंख्याचं घोंघावणं थांबलं होतं. टीव्ही काळा होता. डॉकखाली एक ओला पंचा चौपदरी घालून ठेवलेला होता आणि बाबा हातात पाण्याचा तांब्या घेऊन बोटांनी डॉकवर हलकेच पाणी शिंपडत होते, अगदी प्रेमानं.

"बाबा! हे काय करताय?"

"अबे, तापून राहिला होता तो. हात लावून पाह्य. उन्हाळ्यात ताणा तापला का तुटते. पाणी माराच लागते."

मागावर ते बरोबर होतं. उन्हाळ्यात धागा कोरडा पडून तुटू नये म्हणून खड्ड्यात ओलं पोतं ठेवायचे आणि ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पाणी शिंपडायचे. आयुष्यभर केलं. बाबांच्या हिशेबी काठ त्या यंत्रावर चढलेला होता, अर्धा विणून झालेला होता, आणि तो तुटू नये म्हणून जे करायचं ते त्यांनी केलं. डॉकमधून जळक्या शेंगदाण्यासारखा वास येत होता. मी डोक्याला हात लावून खाली बसलो. ओरडणार होतो, पण बाबांचा चेहरा बघितला आणि ओरडता आलं नाही. आपण काय केलं हे त्यांना तेवढ्यात कळलं होतं.

"मेला का तो?" त्यांनी हळूच विचारलं.

आई धावत आली. शेजारणीचा मोबाइल पाण्यात पडला तेव्हा तो तांदळात ठेवला होता हे तिला आठवलं. लॅपटॉप तांदळाच्या डब्यात जाईना. म्हणून तिनं तो गव्हाच्या कोठीत घातला आणि मी नको नको म्हणेपर्यंत वरून दोन पायल्या गहू ओतला. "दोन दिवस हात लावू नका कोणी," तिनं बजावलं. त्या दोन दिवसांत आम्ही पोळ्या शेजारच्या दुकानातून आणल्या.

दोन दिवसांनी लॅपटॉप चालू झाला. डॉक खाली असल्यामुळे त्यानं सगळं पाणी आपल्यावर घेतलं होतं, वरचा वाचला. काठही होता तसाच, अर्धा. पंखा सुरू झाल्यावर त्यानं एक गहू थेट बायकोच्या अंगावर उडवला. पण डॉक गेला तो गेलाच. जरीपटक्याचा दुकानदार म्हणाला, "भाईसाब, त्या पोत्यात तेवढा एकच जिवंत होता. बाकी सगळं भंगार. दुसरा आला तर फोन करतो." आणि त्याच संध्याकाळी उमरेडहून विणकराचा फोन आला की ताणा तयार आहे, नक्षी कधी देता?

बाबांनी जेवण अर्धवट टाकलं. "माह्या हातानं नातीचा काठ तुटला," ते म्हणाले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. इतकी वर्षं भांडखोर असलेला माणूस गप्प झाला की घरात कसं वाटतं ते मी सांगू शकत नाही. मला सरळ भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं लॅपटॉप स्वतः उचलून पलंगावर आणून ठेवला. बाबांना म्हणाली, "सरका जी तिकडं." त्यांच्या शेजारी बसली, चष्मा लावला आणि पडद्याला नाक लावलं. "मले दिसते. मी सांगते काय हाय ते. पुढचं तुमी सांगा."

"तुले काय समजते त्या मशीनमधलं," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

"मशीन गेली चुलीत. दोन थेंब झाले. एक धागा सोडला. आता?"

बाबा भिंतीकडूनच म्हणाले, "चार वर."

"चार वर. मंग?"

"एक खाली. दोन वर."

आई एका लयीत सांगू लागली, जशी मागासमोर सांगायची. एक खाली, दोन वर, सोड, तीन वर. बाबा उठून बसले. त्यांनी डोळे मिटले. माउस लावायला भोक नव्हतं, त्यामुळे मी लॅपटॉपच्या त्या झिजलेल्या पट्टीवर बोट घासत चौकटी काळ्या करत होतो. आईचे डोळे, बाबांचं डोकं, माझं बोट. तिघांचा मिळून जेमतेम एक कामाचा माणूस झाला होता. खाली लक्ष गेलं तर पलंगावरून लोंबकळणारे बाबांचे पाय वर-खाली होत होते, उजवा, डावा, उजवा. मागाच्या खड्ड्यातल्या पावड्या दाबत होते ते. भांडण एकदाच झालं, शेवटच्या पानावर, आणि त्यात आई हरली. मला वाटतं ती मुद्दाम हरली, पण तिनं ते कधी कबूल केलं नाही.

नक्षी उमरेडला पोहोचली. वाळून निकामी झालेला डॉक फेकायला माझं मन होईना. बायकोनं तो कूलरच्या एका आखूड पायाखाली दिला. तिथं तो अगदी बरोबर बसतो.

एका साडीसाठी कोणी ताणा चढवत नाही, त्यामुळे विणकरानं दोन साड्या विणल्या. आम्ही दोन्ही घेऊन आलो. एक नवरीची, हे ठरलेलंच होतं. दुसरी नवरीच्या आईची, असं माझ्या बायकोनं गृहीत धरून ब्लाउजच्या बाह्यांचं शिंप्याशी बोलणंही केलं होतं. बाबांनी दोन्ही साड्या मांडीवर घेतल्या, काठावरून अंगठा फिरवत गेले, आणि त्यातली एक स्वयंपाकघराच्या दिशेनं पुढे केली.

"हे तिले दे."

आई पिठाच्या हातानं बाहेर आली. "मले? मी काय नवरी हाय? सुनेले द्या."

"सुनेले दुसरी घेऊ. हे तुही हाय," बाबा म्हणाले. "इतल्या विणल्या आपण. तू एकबी नेसली नाही."

मला वाटत होतं बाबांना नातीसाठी काठ हवा होता. बायकोनं तेवढ्यात डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, बाह्या तुमच्या मापाच्या करायला सांगते." आईनं हात धुतले, साडी घेतली आणि पहिलं काय केलं असेल तर ती उलटी करून काठाची मागची बाजू तपासली. "हे शेवटचं पान उलटं झालं," ती म्हणाली. "मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाही कोणी."

लग्नात आई ती साडी नेसली. सगळे नवरीकडे बघत होते, ते साहजिकच होतं. आई-बाबा पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसले होते. मंगलाष्टकं सुरू असताना माझं लक्ष गेलं, बाबांनी आईच्या पदराचा काठ हातात घेतला होता आणि अंगठ्यानं हळूहळू चाचपत होते. पान, थेंब, थेंब, पान.

"सोडा नं जी," आई दबक्या आवाजात म्हणाली. "लोकं पाहून राहिले."

"पाहू दे," बाबा म्हणाले. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, माणसं उठून जेवायला गेली. बाबांनी काठ सोडला नाही.